टिंबापुढचं कै.

मला सरकारी कचेऱ्यांची शिसारी आहे. राग वेगळा. राग येतो आणि जातो, आमच्या संघटनेत तर तो कागदासारखा रिमांनी लागतो. शिसारी जात नाही. हातावरून झुरळ चालून गेलं की तो हात दिवसभर वेगळा वाटतो, तशी ती राहते. ज्या कचेरीत ती मला लागली तिचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की लोक म्हणतात, असेल त्या एका कचेरीत तसं. तसं नव्हतं.

राज्याचे दोन तुकडे होत होते तेव्हाची गोष्ट. हैदराबादेत तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी वाटणी होती. माणसांची वाटणी, जीपगाड्यांची वाटणी, कपाटांची, पंख्यांची. भाऊ वेगळे निघाले की पाटा कुणाकडे आणि वरवंटा कुणाकडे यावरून तोंडं फिरवतात, तसे दोन्हीकडचे साहेब लोखंडी कपाटांवरून हमरीतुमरीवर यायचे. मराठीवरून मात्र कुणीही भांडलं नाही. इकडच्यांना ती नको होती आणि तिकडच्यांना तर नकोच होती. या एका मुद्द्यावर दोन्ही राज्यांचं एकमत होतं, असं मी तेव्हा एका पत्रकात लिहिलंही होतं. वाक्य भाऊंना आवडलं होतं. भाऊ म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष. बरकतपुऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आमचं कार्यालय होतं, तिथं ते बसत.

काकू आमच्या शेजारची. त्यांचं घर आणि आमचं घर मराठवाड्यातून आगेमागे इथं आलं. माझा बाप टपाल खात्यात चिकटला, काकू सरकारी दवाखान्यात आया झाली. मी तिला अहो-जाहो कधीच केलं नाही. तिचा नवरा गायचा. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी बाळाचं नाव ठेवायचं असलं की तिथं. पेटी स्वतः वाजवायचा आणि वाजवणारा दुसरा असला तर त्याच्यावर खेकसायचा. मी फार लहान असताना तो वारला, मला त्याचं काहीच आठवत नाही. मला आठवतात त्या काकूच्या घरच्या टेप. पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेल्या.

त्या टेप पुढं या कचेरीने नेल्या. लोककलावंतांचा आवाज कम्प्युटरवर चढवायचा म्हणून कुणी तरी योजना आणली होती. टेप जमा करा, आवाज उतरवून घेतो, टेप परत देतो. काकूने दिल्या. आवाज उतरवला, टेप परत आल्या नाहीत. विचारायला गेली तर सांगितलं, भिजल्या, टाकल्या. असं म्हणताना माणूस मान तरी खाली घालेल की नाही? नाही. "आवाज आहे ना आमच्याकडं, मग टेप काय करता?" म्हणाले.

आणि आता वाटणीत तो कम्प्युटर पुसून देणार, असं काकूला दवाखान्यातल्या कुणाकडून तरी कळलं. ती सरळ माझ्या दारात.

"माझ्याकडं त्याचा फोटो आहे," ती म्हणाली. "सदरा आहे. चप्पल पण आहे. आवाज नाही. चप्पल ठेवून काय करू, मारू कुणाला?"

"तू चप्पल आण तर खरी," मी म्हटलं. "माणसं मी दाखवते."

ती हसली नाही. तिला तिच्या नवऱ्याचा आवाज परत हवा होता. एवढंच हवं होतं. पत्रक नको, धरणं नको, नुकसानभरपाई नको. आवाज.

मी तेव्हा गौलीगुड्याला बस स्टँडच्या मागे एका डीटीपीच्या दुकानात बसायचे. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, बेगम बाजारातल्या मसालेवाल्यांची लेबलं आणि फावल्या वेळात संघटनेची पत्रकं. मालक लग्नाचे व्हिडिओही जोडून द्यायचे. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन यायची, त्यात भलत्याच नावाच्या फाइली असायच्या आणि त्या उघडायच्या नाहीत. "ताई, यात पोरीचा फोटो आहे, निघत नाही." तेव्हा मी एकच करायचे. नोटपॅड उघडायचे आणि ती फाइल त्यात टाकायचे. नोटपॅड म्हणजे कम्प्युटरमधली नुसती कोरी पाटी. त्याला सजावट येत नाही, चित्र दाखवता येत नाही, गाणं वाजवता येत नाही. फाइलीच्या पोटात जे आहे ते अक्षरं समजून ते ओकून टाकतं. पडदाभर कचरा दिसतो. पण त्या कचऱ्याची पहिली चार-पाच अक्षरं खरं बोलतात. डोक्यावर दोन टिंबं असलेला वाय आला आणि पुढं JFIF दिसलं की तो फोटो. PK आलं की ती गाठोडं बांधलेली झिप. RIFF आणि लगेच WAVE आलं की तो आवाज, टेपवरून थेट उतरवलेला. फाइलीचं नाव कुणीही बदललेलं असो, पोटातली ती अक्षरं तीच राहतात.

एवढ्या भांडवलावर मी काकूला घेऊन कचेरीत गेले.

तिथला बाबू मराठी निघाला. चांगला पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. घराणं शेतकऱ्याचं, निजामाच्या काळापासून इथलं, हे त्याने आम्ही बसायच्या आत सांगितलं. मग माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तो जरा मागे रेलला आणि म्हणाला, "असू द्या, असू द्या. आपलीच माणसं."

हे 'असू द्या' मला पाठ आहे. माझ्या आडनावात काही तरी सांडलंय आणि हा माणूस मोठ्या मनाने ते पुसत नाहीये, असा त्याचा सूर असतो.

"काका," मी म्हटलं, "काकूच्या मिस्टरांची गाणी आहेत तुमच्याकडं. तेवढी कॉपी करून द्या."

"गाणी म्हणून काही नाही आता. होती त्यांची वाटणी झाली. हे राहिलंय ते सगळं अनोळखी." त्याने पडदा आमच्याकडं वळवला. एक फोल्डर होता, त्याचं नाव 'अन्‌नोन'. आत पांढऱ्या कोऱ्या चौकोनांची रांगच रांग, आणि प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरांत आडनाव, मग टिंब, मग kai. आडनाव, टिंब, kai. मधेच कुठं तरी टिंब, shri.

"हे काय आहे, काका?"

"कै.," तो म्हणाला. "कैलासवासी. सगळे गेलेले कलावंत. जे हयात त्यांना श्री. मराठीचं टेबल माझं, मी स्वतः लावलंय. आधी काय होतं, ट्रॅक एक, ट्रॅक दोन, डॉट वेव्ह. मेलेल्या माणसाला ट्रॅक एक म्हणायचं का? काही रीत आहे की नाही? ते सगळं खोडून मी नावं दिली, फोटोंनासुद्धा. मशीन दर वेळी विचारायचं, खरंच बदलायचं का, फाइल चालणार नाही. मी दर वेळी हो म्हणायचो."

काकूने मान वर केली. "माझा नवरा कैलासात कशाला जाईल? आमच्यात कालकथित म्हणतात."

"तेच ते हो, बाई. मान दिल्याशी मतलब."

आता हे समजावून सांगायला हवं, कारण मला ते समजायला तिथं उभं राहून पाणी प्यावं लागलं. फाइलीच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं, त्यावरून कम्प्युटर ठरवतो की हा आवाज की फोटो की पत्र. आत काय आहे ते तो बघतच नाही. नावाच्या शेवटाला काय लागलंय ते बघतो आणि त्याप्रमाणे वागतो. मला यात नवीन काही वाटलं नाही, आम्ही शाळेपासून तेच बघत आलोय. या बाबूने टिंबापुढचं वेव्ह खोडलं आणि आदराने तिथं कै. लावलं. कम्प्युटरला कै. नावाची जात माहीत नव्हती. वाटणीचा ठेका घेतलेल्या कंपनीची पोरं आली, त्यांनी टिंबापुढचं बघून ओळखीचं तेवढं दोन ढिगांत वाटलं आणि उरलं ते अनोळखी म्हणून पुसायच्या ढिगात टाकलं. म्हणजे मराठी गाणाऱ्यांपैकी जे जे मेले होते ते सगळे, आणि त्यांच्यासोबत मधले थोडे श्री. नुसत्या आदराने मेलेली माणसं पुन्हा मारलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"मला उघडून बघू द्या," मी म्हटलं.

"उघडत नाहीत. कंपनीवाल्यांनी सांगितलंय. आणि इथं नवीन काही टाकायची परवानगी नाही, इंटरनेटपण नाही."

"नवीन काही नको. नोटपॅड आहे ना?"

"नोटपॅड?" त्याचा चेहरा खुलला. "ते तर मी पण वापरतो!"

तेव्हा मला त्या खुलण्याचा अर्थ कळला नाही.

काकूचं आडनाव आमच्यात ढिगाने सापडतं. त्या आडनावाच्या चार फाइली होत्या, पुढं आकडे लावलेल्या, सगळ्यांच्या टिंबापुढं कै. मी पहिली नोटपॅडवर ओढली. दोन टिंबांचा वाय, JFIF. फोटो. तिथंच टिंबापुढं जेपीजी लावून बघितलं तर कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा, हातात दिमडी. काकू म्हणाली, हा नव्हे. दुसरी उघडली, तीही फोटो, तोच म्हातारा, दिमडी खाली ठेवलेली.

तिसरी उघडताना मशीन गुदमरलं. पडदा पांढरा पडला, बाण फिरत राहिला. मला बरं वाटलं. नोटपॅड असं अडकलं की समजायचं, फाइल मोठी आहे, आणि मोठी फाइल म्हणजे बहुतेक आवाज. मग कचरा उमटला. पहिल्या ओळीत, अगदी सुरुवातीलाच, RIFF असायला हवं होतं तिथं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं: चेक्ड. नॉट यूजफुल. पुढं दोन अक्षरांची सही. आणि त्याला चिकटून RIFF.

मी बघतच राहिले. असं कुठल्या फाइलीत नसतं.

"हे कुणी लिहिलं?"

"शेरा आहे तो," बाबू म्हणाला. त्याला अभिमान वाटत होता. "साहेबांचा आदेश आहे. पुसण्याआधी प्रत्येक अनोळखी फाइल तपासून फाइलीवर शेरा मारावा. कंपनीच्या पोरांना विचारलं, फाइलीवर लिहायचं कसं? त्यांना नाही माहीत. मीच शोधून काढलं. नोटपॅडमध्ये उघडायची, वर शेरा टाइप करायचा, सेव्ह करायची. फाइल आणि शेरा एकाच जागी. हरवायचा प्रश्न नाही."

तीस वर्षं या माणसाने कागदाच्या फाइलींवर शेरे मारले होते. कम्प्युटरवालेही तिला फाइलच म्हणतात. झालं. फाइल दिसली की शेरा मारायचा. गाण्यावर शेरा मारला. गाण्याच्या आत मारला, घशात हात घालून.

नोटपॅडमध्ये नुसतं बघितलं तर काही बिघडत नाही. सेव्ह केलं की बिघडतं. आवाजाच्या फाइलीत जागोजागी शून्यं असतात, आणि नोटपॅडला शून्य कळत नाही, त्याला ती रिकामी जागा वाटते. सेव्ह करताना ते त्या प्रत्येक जागी एकेक स्पेस भरून टाकतं. हे मी त्याला सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "पण त्या तशाही पुसायच्याच आहेत ना, ताई?"

आकृतिबंध, अस्मिता, सांस्कृतिक वारसा, पत्रकात वापरायचे असले सगळे शब्द एकदम घशाशी आले आणि एकही कामाचा नव्हता.

"चौथी उघड," काकू म्हणाली.

चौथी उघडली. मशीन पुन्हा गुदमरलं. मग पडदाभर कचरा, आणि डोक्यावर, स्वच्छ, पहिल्या घरात: RIFF. पुढं WAVE. शेरा नाही. मी सेव्ह न करता ती हळूच बंद केली. गरम तव्यावरून हात काढावा तशी.

"काकू, ही धड आहे. आवाज आहे. या मशीनला स्पीकर नाही, कुणाचा ते दुकानात वाजवल्यावर कळेल."

काकूने बाबूकडं बघितलं. "द्या मग."

"ती कशी देणार?" बाबू म्हणाला. "ती अजून तपासलेली नाही. न तपासलेली म्हणजे सरकारची मालमत्ता. तपासून नॉट यूजफुल झाली की रद्दी. तिसरी न्या, तिला कोण नाही म्हणतंय? चौथी देतो, शेरा मारून देतो. आत्ता मारतो, दोन मिनिटांचं काम."

त्याचा हात कीबोर्डकडं गेला आणि मी त्याचं मनगट धरलं. बाईने मनगट धरलं म्हणून त्याला धक्का बसला. माझ्या आडनावाच्या बाईने धरलं म्हणून जरा जास्तच बसला असावा. तो हात त्याने नंतर टेबलाखाली पँटला पुसला. मी ते बघितलं.

"साहेब येईपर्यंत चौथीला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"साहेब उद्या येणार."

"मग उद्या."

तिसरी पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही गौलीगुड्याला दुकानात आलो. लग्नाचे व्हिडिओ जोडायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्यात एक सोय होती. फाइलीचं नावगाव काही न विचारता, आत जे आहे ते सगळं आवाज समजून वाजव, असं त्याला सांगता यायचं. सांगितलं. दुकानभर नुसती आग पेटल्यासारखा फुफाटा. दुसरं काहीच नाही. काकू स्टुलावर बसली होती, तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

मला जरा वेळाने उमगलं. आवाजाचे आकडे जोडी-जोडीने बसलेले असतात, आणि सुरुवातीला घुसलेल्या शेऱ्याच्या अक्षरांनी सगळी रांग एका घराने सरकली होती. प्रत्येक जण भलत्याच जोडीदाराशेजारी बसला होता. मी सुरुवातीचं एक घर सोडून वाजव म्हटलं.

पेटी वाजली. खरखरत, तडतडत, कढईत मोहरी सांडावी तसा आवाज वरून, आणि खाली पेटी. मग माणूस गायला लागला. मोठ्याने गायला की स्वच्छ ऐकू यायचं. तो हळू झाला, श्वासाला थांबला की त्या जागा खरखरीने भरून यायच्या. शांतता होती तिथंच शेरा पसरला होता.

"हाच का गं?" मी विचारलं.

"हाच."

"नक्की? इतक्या खरखरीत?"

"नवरा होता माझा," काकू म्हणाली. "रेडिओ नव्हता, स्टेशन लागायला. बघ, आता 'समता' म्हणताना 'समाता' म्हणेल. किती सांगितलं, नाही सुधारला."

तो समाता म्हणाला. काकू पदर तोंडाला लावून हसली, आणि मग हसणं थांबलं तरी पदर तिथंच राहिला. मी पडद्याकडं बघत बसले.

संध्याकाळी बरकतपुऱ्याला भाऊंना ऐकवलं. भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "खरखर काढू नकोस. धरण्यात लाउडस्पीकरवर लावू. लोकांच्या अंगावर काटा येईल."

"भाऊ, चौथी फाइल धड आहे. उद्या साहेबाकडं तुम्ही आलात तर ती मिळेल."

"मिळाली तर मुद्दाच जातो," भाऊ म्हणाले. "वहिनींना समजावून सांग. एका गाण्यापेक्षा प्रश्न मोठा आहे. करू दे ना त्यांना खराब. आपल्या हातात येईल काही तरी."

हे वाक्य माझ्याच लेखणीतून उतरल्यासारखं होतं. मीच असली वाक्यं करून द्यायचे आणि ते बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला बाबू आणि भाऊ एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले दिसले. एकाला शेरा मारायला फाइल हवी होती, दुसऱ्याला घोषणा द्यायला. आत कोण गातोय याच्याशी दोघांनाही घेणं नव्हतं. मी पेन ड्राइव्ह काढून घेतला. "वहिनींना तुम्हीच समजावा," म्हटलं, "त्यांच्याकडं चप्पल आहे."

दुसऱ्या दिवशी मी आणि काकू साहेबापुढं. साहेब तेलुगू, पण बोलायचा दखनीत. भला दिसत होता. भला दिसणारा साहेब मला जास्त घाण वाटतो, त्याच्याशी भांडायला हात कुठं घालावा ते कळत नाही. काकूने तिचा बटणांचा मोबाइल टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं. मी रात्रीच तिला ते कार्डात घालून दिलं होतं.

साहेबाने थोडं ऐकलं आणि हात हलवला. "अम्मा, ये तो पूरा खरखर है. इसमें क्या है? छोड़ दो."

काकू उठली नाही. "खरखर तुमारी है, साब," ती म्हणाली. "उसके पिच्छे जो गा रा, वो मेरा आदमी है."

मोबाइल गातच होता. समाता म्हणून झालं, पेटी पुढं गेली. साहेबाने माझ्याकडं बघितलं, मी काकूकडं. त्याने बेल दाबून बाबूला बोलावलं.

"अम्मा को उनकी फाइल दे दो."

मला क्षणभर वाटलं, झालं.

"प्रोसीजर करके दो," साहेब पुढं म्हणाला, आणि त्याने स्वतःसाठी चहा मागवला. एकच.

प्रोसीजर म्हणजे शेरा. बाबू आम्हाला घेऊन त्याच्या टेबलाशी आला, खुर्चीत नीट बसला, चष्मा पुसला, नोटपॅड उघडलं. चौथी फाइल त्यात ओढली. मशीन गुदमरायला लागलं.

"काका, साहेबांनी द्या म्हटलंय."

"प्रोसीजर करून म्हणाले. तुम्हीच ऐकलंत. शेऱ्याशिवाय दिली तर माझी नोकरी कुठल्या राज्यात जाईल, ठाऊक आहे? कुठल्याच नाही."

"शेरा कागदावर लिहा. फाइलीला लावून द्या."

"कम्प्युटरच्या फाइलीचा शेरा कागदावर?" त्याने माझ्याकडं असं बघितलं, जणू अडाणी मीच आहे. "मग तो फाइलीवर झाला कसा?"

पडद्यावर कचरा उमटला. RIFF. बाबूने बाण पहिल्या अक्षराच्या आधी नेला.

काकूने माझ्या हातातून पेन ड्राइव्ह घेतला आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवला, बटणांच्या मधोमध. "गाणं यात जाणार ना?" ती म्हणाली. "मग आता फाइल हीच. हिच्यावर मारा शेरा. काय लिहायचं ते लिहा, पाहिजे तेवढं मोठं लिहा. आतल्या माणसाला हात लावू नका."

बाबूने पेन ड्राइव्हकडं बघितलं. उलटा केला. तो विचार करत होता, हे स्पष्ट दिसत होतं. वस्तू होती, हातात धरता येत होती, तिच्यावर चिकटवता येत होतं. हे त्याच्या तीस वर्षांत बसत होतं. त्याने ड्रॉवरमधून कागदाची चिठ्ठी काढली, खिशातल्या दोन पेनांपैकी लाल निवडलं, लिहिलं, सही केली. सरकारी डिंकाच्या बाटलीत बोट बुडवून चिठ्ठीला मागून डिंक लावला, ती पेन ड्राइव्हभोवती गुंडाळली आणि फुंकर मारून वाळवली. मग नोटपॅड बंद केलं. सेव्ह न करता. मी त्याचं बोट बघत होते. त्यानंतर फाइल उतरवून दिली.

तिथंच, त्याच्याच मशीनवर, कुठं काही बिघडलं नाही ना हे पाहायला मी पेन ड्राइव्हवरची फाइल उघडून पहिली ओळ पुन्हा बघितली. RIFF. पहिल्या घरात.

काकूने पेन ड्राइव्ह हातात घेतला. चिठ्ठी नीट वाळली नव्हती, तिच्या बोटांना डिंक लागला. वर लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, तपासली, उपयोगाची नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं. काय लिहिलंय, तिने विचारलं नाही. ब्लाउजमध्ये खोचून ती दाराकडं निघाली.

बाबूने पुढची फाइल नोटपॅडवर ओढली होती. दुसऱ्याच कुणाचं आडनाव, टिंब, कै. मी तिथंच उभी राहिले.

"काका, निदान बाकीच्यांना तरी असंच करा. कागदावर लिहा. तुम्हाला आता कळलंय ना, आत गाणी आहेत."

त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "तुमचं झालं ना, ताई? मग जा ना. ज्याचा मेलाय तो येईल."

पडद्यावर कचरा उमटला, पहिल्या ओळीत RIFF. तो टाइप करायला लागला.